शेतावरचे घर आणि म्हातारपणाचा वाटा

शेतकरी कुटुंबाच्या जुन्या घरात, त्याच कुटुंबाने किंवा दुसऱ्या एखाद्या कुटुंबाने चालवलेले वृद्धांचे निवासस्थान हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय असून, त्याची मांडणी बीड तालुक्यातील नेकनूर हे गाव आणि त्याचा परिसर नजरेसमोर ठेवून केली आहे. वृद्धाश्रम या संस्थेचा इतिहास सामान्यतः शहरांपासून, धर्मादाय देणग्यांपासून आणि सरकारी अनुदानापासून सांगितला जातो. परंतु ज्या देशातील वृद्धांचा मोठा हिस्सा खेड्यात राहतो, तेथे हा इतिहास शेतजमिनीच्या वाटणीपासून आणि शेतकऱ्याच्या घराच्या रचनेपासून सुरू करणे अधिक योग्य ठरते, कारण खेड्यातील माणसाचे म्हातारपण कोठे आणि कसे जाईल हे बहुधा जमीन मुलांच्या नावावर होते त्या दिवशीच ठरून गेलेले असते. या व्याख्यानाचे प्रतिपादन थोडक्यात असे, की शेतावरच्या घरात वृद्धांना सन्मानाने राहता आले ते जेथे त्यांचा हक्क लिहून ठेवला गेला तेथे, आणि जेथे तो निव्वळ मायेवर सोडला गेला तेथे, माया असूनही, तो पुष्कळदा टिकला नाही.

नेकनूर हे मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातील मोठे बाजारगाव आहे. आसपासच्या लहान गावांना आणि वस्त्यांना आठवडी बाजार, जनावरांची खरेदी-विक्री, सरकारी दवाखाना आणि पोलीस ठाणे यांसाठी याच गावाकडे यावे लागते. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांच्या सोबत असलेल्या शिष्यांपैकी बंकटस्वामी यांचे नाव या गावाशी जोडलेले असून त्यांचे संस्थानही येथेच आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ इतकी नोंदली गेली आणि त्याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण सुमारे ९.९ टक्के आढळले. हेच प्रमाण जिल्ह्याला लावून पाहिले तर त्या वेळीच येथे अडीच लाखांच्या आसपास वृद्ध होते असे म्हणावे लागते. कामाच्या वयाची माणसे वर्षातील अनेक महिने जिल्ह्याबाहेर असतात हे ध्यानात घेतले, तर हिवाळ्यात गावात प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसांमध्ये वृद्धांचा वाटा या आकड्याहून मोठा असतो, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही.

या भागातील जुने घर माळवदाचे असते. माळवद म्हणजे लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी सपाट छताची रचना होय; भिंती दगड-मातीच्या आणि हाताच्या लांबीइतक्या जाड असतात, आणि घर किती मोठे हे खणांत, म्हणजे दोन खांबांमधील जागेच्या संख्येत, सांगितले जाते. दारातून आत शिरताच ढाळज लागते. दोन्ही अंगांना उंच ओटे असलेली ही आच्छादित जागा म्हणजे घरातील कर्त्या, आणि पुढे म्हाताऱ्या झालेल्या, पुरुषाची बैठक असे. येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर, गावाच्या बातमीशी संबंध आणि रात्रीची झोप ही सर्व तेथेच होत असल्यामुळे कष्टाची ताकद गेलेल्या माणसालाही घरात एक काम आणि एक मानाची जागा राहत असे. म्हाताऱ्या स्त्रीची जागा याहून वेगळी, आत माजघराजवळ, बळदाच्या आसपास असे. बळद म्हणजे भिंतीलगत बांधलेली धान्याची कोठी. तिच्यातून रोजची ज्वारी कोणी काढायची हा घरातील सत्तेचा प्रश्न होता, आणि सासूच्या हातून तो अधिकार सुनेच्या हाती गेला की म्हातारपण सुरू झाले असे व्यवहारात मानले जाई. घराची ही विभागणी वृद्धांच्या बाजूची होती एवढे मान्य केले, तरी ती सर्वांच्या घरी नव्हती हेही नोंदवणे आवश्यक आहे. ढाळज आणि बळद ही जमीनदार, पाटील, बऱ्यापैकी खातेदार शेतकरी यांच्या घरांची वैशिष्ट्ये आहेत. ज्यांच्याकडे कुडाचे एक खोपट होते त्यांच्या वृद्धांच्या वाट्याला कोपरा येत असे, आणि एकत्र कुटुंबाच्या गौरवकथांत तो कोपरा सहसा दिसत नाही.

गावातील घराखेरीज दुसरे घर शेतात असते. त्याला कोठे आखाडा म्हणतात, कोठे वस्ती, कोठे मळ्यातले घर. बैल, शेळ्या, कडबा, औजारे आणि राखणीला एक माणूस यांसाठी उभारलेल्या या निवाऱ्यात राहायला जाणारा माणूस पुष्कळदा घरातील वृद्ध असतो. त्यामागे दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. एक म्हणजे, ज्याने आयुष्य मातीत घालवले त्याला मोकळ्या रानात बरे वाटते, विहिरीचे पाणी आणि जनावरांची सोबत आवडते, सुनेच्या संसारात अडचण होऊ नये अशी त्याचीही इच्छा असते; दुसरा म्हणजे, घरात जागा उरली नाही म्हणून त्याला तिकडे पाठवले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्हींत फरक दिसत नाही. तो फरक ओळखण्याची खूण एकच आहे: शेतातील त्या घरावर आणि भोवतालच्या जमिनीवर त्या वृद्धाचे नाव अजून लागलेले आहे की नाही.

हिंदू कुटुंबांच्या बाबतीत या प्रश्नाचे मूळ मिताक्षरेपर्यंत जाते. मिताक्षरा हा याज्ञवल्क्यस्मृतीवरील विज्ञानेश्वराचा भाष्यग्रंथ असून तो चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, आजच्या बसवकल्याण येथे, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतच, लिहिला गेला. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मापासून निर्माण होतो हा त्यातील सिद्धान्त. त्याचा अर्थ असा, की वडील हयात असताना मुलगा वाटणी मागू शकतो आणि वडिलांना त्यात, मुलांपैकी प्रत्येकाइतकाच, एक वाटा मिळतो. मुंबई इलाख्यात रूढ झालेल्या शाखेत वडील-मुलांच्या वाटणीत आईला, आणि वडिलांच्या पश्चात मुलांमधील वाटणीतही आईला, मुलाच्या बरोबरीचा वाटा मान्य होता. आईवडिलांचे पोषण हे याहूनही जुने कर्तव्य आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ऐपत असूनही अपत्ये, पत्नी, आईवडील, अज्ञान भाऊ आणि अविवाहित वा विधवा बहिणी यांना न पोसणाऱ्यास बारा पण दंड सांगितला असून, पतित व्यक्तींना त्यातून वगळताना आईला मात्र वगळलेले नाही; आई पतित झाली तरी तिला पोसलेच पाहिजे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शासनकर्त्यालाही यासाठी दंडाची तरतूद करावी लागली, याचा अर्थ न पोसणारी मुले तेव्हाही होती. वृद्धांची हेळसांड हे आधुनिक काळाचे अपत्य आहे अशी जी समजूत आहे तिला या एका तरतुदीने पुरेसे उत्तर मिळते.

प्रत्यक्ष गावातील चाल शास्त्राहून साधी आणि अधिक सूक्ष्म आहे. वाटणीच्या वेळी आईवडील काही एकर स्वतःकडे ठेवतात. जो मुलगा त्यांना सांभाळेल तो ती जमीन कसतो, बटईने कसली तर निम्मे धान्य त्यांच्या घरी घालतो, आणि त्यांच्यामागे ती जमीन त्याच्याकडे जाईल असे सर्व भावांसमोर बोलले जाते. हा एक प्रकारचा वृद्धापकाळाचा विमा आहे आणि जोपर्यंत राखून ठेवण्याइतकी जमीन होती तोपर्यंत तो बऱ्यापैकी चालला. महाराष्ट्रातील सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ च्या कृषिगणनेत ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. चार हेक्टरांतून एक हेक्टर बाजूला काढता येतो. सव्वा हेक्टरात दोन किंवा तीन मुलगे असतील तर राखून ठेवायला काही उरत नाही, आणि मग जमिनीऐवजी आईवडिलांचीच वाटणी होते. वडील थोरल्याकडे आणि आई धाकट्याकडे, किंवा दोघेही पाळीने महिनाभर एकाकडे आणि महिनाभर दुसऱ्याकडे, अशी ही व्यवस्था असते. चाळीस-पन्नास वर्षे एका चुलीवर जेवलेल्या नवरा-बायकोला उतारवयात दोन घरांत राहावे लागणे यात मुलांची दुष्टबुद्धी असतेच असे नाही. पुष्कळदा ते प्रामाणिकपणे समान भार उचलत असतात. परंतु पाळीच्या व्यवस्थेत वृद्धांना स्वतःचे घर असे उरत नाही, औषधाचा कागद एका घरी आणि अंथरूण दुसऱ्या घरी अशी स्थिती होते, आणि एकतीस दिवसांच्या महिन्यातील शेवटचा दिवस कोणाचा यावरून भावाभावांत बोलाचाली होते. या चालीइतके क्लेशदायक दुसरे काही मराठवाड्याच्या कौटुंबिक जीवनात क्वचितच असेल, आणि तरीही तिची दखल कायद्याने किंवा समाजशास्त्राने घ्यावी तितकी घेतलेली नाही.

वृद्धांच्या निवासाचा प्रश्न शेतीच्या हस्तांतराशी जोडून सोडवण्याचा एक जुना लिखित प्रयत्न मध्य आणि उत्तर युरोपातील शेतकऱ्यांनी केला. जर्मन प्रदेशात त्याला आल्टेनटाइल, ऑस्ट्रियात आउसगेडिंगे, नॉर्वेत कोर, स्वीडनमध्ये उन्दान्ताग आणि फिनलंडमध्ये स्यूतिंकी अशी नावे असून, तत्त्व सगळीकडे सारखे आहे: शेतकरी विशिष्ट वयात आपली संपूर्ण शेती एका वारसाच्या नावे करतो आणि त्याच कागदात स्वतःसाठी व पत्नीसाठी हयातीपर्यंतचे राहणे, खाणे, सरपण, दूध, कपडे धुणे, आजारपणातील शुश्रूषा, चर्चला किंवा वैद्याकडे जाण्यासाठी गाडी आणि अखेर अंत्यविधीचा खर्च इतक्या गोष्टी राखून ठेवतो. कोणती खोली, चुलीजवळची कोणती जागा, किती धान्य, कोणत्या झाडाची फळे हेही काही करारांत लिहिलेले आढळते. स्वित्झर्लंडच्या बर्न परगण्यात मोठ्या शेतघराशेजारी वृद्धांसाठी बांधलेले छोटे स्वतंत्र घर श्टॉक्ली म्हणून ओळखले जाते आणि एमेंटालच्या खोऱ्यात अशी घरे अजूनही पाहायला मिळतात. आयर्लंडच्या पश्चिम भागात, १९३० च्या दशकात क्लेअर परगण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड आरेन्सबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने वर्णिल्याप्रमाणे, मुलाचे लग्न ठरताच वृद्ध दांपत्य घरातील पश्चिमेच्या खोलीत राहायला जाई आणि शेतीचा कारभार नव्या दांपत्याकडे येई. लुट्झ बर्कनर या इतिहासकाराने ऑस्ट्रियातील हाइडेनराइखश्टाइन येथील १७६३ च्या नोंदी तपासून १९७२ मध्ये दाखवले, की एका क्षणी पाहिले तर लहान आणि विभक्त दिसणारी शेतकरी कुटुंबे प्रत्यक्षात एका चक्रातून जात असतात. निवृत्त आईवडील घरात असतात तेवढा काळ कुटुंब तीन पिढ्यांचे असते आणि त्यांच्या मृत्यूनंतर पुन्हा दोन पिढ्यांचे होते.

या करारांकडे भारतीय वाचक अनेकदा थंडपणाचा पुरावा म्हणून पाहतो: पोटच्या मुलाकडून दुधाचे माप लिहून घ्यावे लागते, म्हणजे तेथे प्रेम नव्हतेच, असा निष्कर्ष काढला जातो. तो निष्कर्ष चुकीचा आहे. कागदावर आलेला हक्क वृद्धाला मागणाऱ्याच्या भूमिकेतून सोडवतो. जे मिळते ते उपकार म्हणून घ्यावे लागत नाही, आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांमध्ये जे प्रेम असेल ते रोजच्या हिशेबाच्या ताणातून मोकळे राहते. शिवाय हा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. मुलाने शेती विकली तरी घेणाऱ्याला वृद्धांसह ती घ्यावी लागते, कारण आल्टेनटाइलची नोंद जमिनीच्या दप्तरात होते. १९०० पासून अमलात आलेल्या जर्मन नागरी संहितेच्या प्रस्तावना-कायद्यानेही या प्रथेविषयीचे प्रांतिक कायदे मुद्दाम अबाधित ठेवले. पश्चिम जर्मनीने १९५७ मध्ये शेतकऱ्यांसाठी वृद्धापकाळ साहाय्याचा कायदा केला तेव्हाही शेती पुढच्या पिढीकडे सोपवणे ही निवृत्तिवेतनाची अट ठेवली, म्हणजे राज्याने जुन्या कौटुंबिक कराराला पैशाची जोड दिली. या व्यवस्थेचे दोष उघड आहेत. एकच वारस शेती घेतो, बाकीच्यांना नोकरी किंवा परदेश गाठावा लागतो, आणि ज्याच्याकडे शेतीच नाही त्या मजुराला या करारात स्थान नाही. मराठवाड्यासारख्या, सर्व मुलांना वाटा देणाऱ्या आणि भूमिहीनांची संख्या मोठी असलेल्या प्रदेशात ती जशीच्या तशी आणता येणार नाही. घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हक्काची नोंद.

महाराष्ट्रात वृद्धांच्या स्वतंत्र निवासाची सुरुवात वेगळ्या मार्गाने झाली. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात सुरू झालेले अनाथ पंगुगृह हे राज्यातील अशा सर्वांत जुन्या संस्थांपैकी असून ते आज 'निवारा' या नावाने वृद्धांचे निवासस्थान म्हणून चालते. निराधार, अपंग आणि वृद्ध यांना एकत्र ठेवण्याची त्या काळची ही रीत होती. राज्य शासनाने १९६३ पासून वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना राबवली आणि १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण यांविषयीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे वृद्धांची सोय असलेले निदान एक निवासस्थान उभारण्याची मुभा राज्यांना दिली. दीडशे माणसांची एक इमारत जिल्ह्याच्या ठिकाणी उभारण्याची ही कल्पना मुळातच शहरी आहे. नेकनूरच्या आसपासच्या वाडीवरील वृद्ध स्त्रीला बीडमधील अशा इमारतीत पलंग मिळाला, तरी तिची भाषा समजणारा शेजार, शेळी, देऊळ, एकादशीचे भजन आणि आठवड्याच्या बाजारात भेटणारी माहेरची माणसे ही सर्व मागे राहतात. आणि म्हणून ती जात नाही. न जाणारी माणसे पाहून ग्रामीण भागात वृद्धाश्रमाची गरजच नाही असा अर्थ काढणे सोयीचे असले तरी बरोबर नाही.

गरज किती आहे हे ऊसतोडीच्या हंगामात दिसते. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची साखळी उभी राहिली, तिला लागणारे हात बालाघाटच्या कोरडवाहू पट्ट्यातून आले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढतच गेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घेतलेली जोडपी गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायकोच्या या जोडीलाच कोयता म्हणतात. कामाची, मजुरीची आणि उचलीची मोजणी या कोयत्यावरच होते. मागे राहतात ते वृद्ध, आणि त्यांच्या स्वाधीन केलेली नातवंडे, जनावरे आणि कुलूप लावलेली घरे. म्हणजे वर्षातील जवळजवळ सहा महिने या परिसरातील अनेक वस्त्या या व्यवहारतः वृद्धांची निवासस्थानेच असतात. फरक इतकाच, की तेथे स्वयंपाक करणारे, औषध आणणारे, रात्री उठून पाहणारे कोणी नसते, आणि सत्तरीतील आजीच पाच वर्षांच्या नातवाची चूल पेटवत असते.

वृद्ध कोणाला म्हणावे हा प्रश्नही येथे वेगळा होतो. कायद्याची रेषा साठ वर्षांवर आहे आणि राज्याच्या श्रावणबाळ सेवा निवृत्तिवेतन योजनेची पासष्ट वर्षांवर. परंतु ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने नेमलेल्या समितीसमोर २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीतून १३,८६१ जणींचे गर्भाशय काढले गेल्याचे आले, आणि त्यांतील कित्येकींचे वय चाळिशीच्या आतले होते. ज्या शरीराने वयाच्या विशीपासून उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहिल्या ते पन्नाशीतच थकते. त्यानंतर पासष्टाव्या वर्षापर्यंतची पंधरा वर्षे या स्त्रीला ना मजुरी झेपते ना निवृत्तिवेतन मिळते, आणि तिच्या नावावर जमीन क्वचितच असते. त्यामुळे वर सांगितलेली, काही एकर राखून ठेवण्याची चालही तिच्या उपयोगी पडत नाही. शेतावरच्या घरात वृद्धांचे निवासस्थान चालवायचे झाले तर त्याचा दरवाजा वयाच्या दाखल्यावर उघडता येणार नाही, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

कुटुंबाने चालवलेल्या निवासी संस्था बीड जिल्ह्याला अपरिचित नाहीत. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी २००० मध्ये सुरू केलेले शांतिवन, बीडजवळ पाली येथे दत्ता आणि संध्या बारगजे यांनी एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभारलेले इन्फंट इंडिया, गेवराईचे संतोष गर्जे यांचे बालग्राम, या सर्व संस्थांत नवरा-बायको स्वतः तेथेच राहतात, त्यांची मुले तेथल्या मुलांबरोबर वाढतात आणि पगारी व्यवस्थापनाची जागा घराच्या शिस्तीने घेतलेली असते. या कामाचे मोल मोठे आहे. मात्र या तिन्ही संस्था लहान मुलांसाठी आहेत, आणि हा योगायोग नसावा. मूल मोठे होते, शिकते, नोकरीला लागते आणि देणगीदाराला आपल्या देणगीचे फळ दिसते. वृद्धाच्या बाबतीत फळ म्हणजे एक निर्वेध मृत्यू, आणि त्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात छापता येत नाही. महाराष्ट्रात एका कुटुंबाच्या पुढाकाराने चाललेल्या आणि वृद्धांनाही सामावणाऱ्या संस्थांमध्ये वरोऱ्याजवळचे आनंदवन प्रमुख आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची नोंदणी करून शेतीच्या पायावर उभ्या केलेल्या या वसाहतीत उत्तरायण हे वृद्धांचे निवासस्थान आहे. शेती, गोठा, उद्योग आणि माणसे एकाच आवारात असल्यामुळे तेथील वृद्धाला कामाचा आवाज ऐकू येतो, आणि वृद्धांच्या निवासाला शेताची जोड का हवी याचे हे सर्वांत साधे कारण आहे.

जुन्या घराचाच वापर करून वृद्धांची सोय करण्याचा विचार सर्वांत पुढे नेला तो जपानने. तेथे ताकुरोशो नावाची चळवळ १९८० आणि ९० च्या दशकांत सुरू झाली. मोठ्या संस्थांत स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना प्रवेश नाकारला जात असे किंवा बांधून ठेवले जात असे. त्याला पर्याय म्हणून परिचारिका आणि समाजसेवक यांनी वस्तीतील रिकामी राहती घरे भाड्याने घेऊन दहा-पंधरा वृद्धांना दिवसभर, आणि गरजेप्रमाणे रात्रीही, सांभाळण्यास आरंभ केला. फुकुओका शहरातील 'योरिआइ' हे घर १९९१ मध्ये एका बौद्ध मंदिराच्या चहागृहात, एका वृद्धेची सोय करण्यापासून सुरू झाले. १९९३ मध्ये तोयामा येथे तीन परिचारिकांनी उघडलेल्या घरात वृद्ध, अपंग आणि तान्ही मुले एकाच छताखाली ठेवली गेली, आणि शासकीय नियमांत न बसणारी ही पद्धत पुढे तोयामा पद्धत म्हणून मान्य झाली. जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन शुश्रूषेसाठी सक्तीचा विमा सुरू केला आणि २००६ मध्ये लहान, बहुउद्देशीय घरांचा त्यात समावेश केला, तेव्हा या घरांना नियमित उत्पन्न मिळाले. नेदरलँड्समध्येही वृद्ध आणि मनोरुग्ण यांना दिवसा किंवा कायमचे सामावून घेणारी शेते हजाराहून अधिक असून, शेतकरी कुटुंबाला शेतीच्या घटत्या उत्पन्नाला त्यातून जोड मिळते. दोन्हीकडे क्रम सारखा आहे: आधी एखाद्या घराने काम सुरू केले, नियम आणि पैसा मागाहून आले.

नेकनूर परिसरात असे घर चालवायचे तर पहिला प्रश्न भिंतींचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मेली, ती मुख्यतः दगड-मातीच्या सैल भिंती आणि माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. दर पावसाळ्याआधी गळती थांबवण्यासाठी टाकलेल्या मातीचे थर वाढत जातात आणि छताचे वजन पिढ्यान्‌पिढ्या चढत जाते. जुना वाडा वृद्धांसाठी वापरताना ही माती उतरवून हलके छप्पर घालणे, भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड ठराविक अंतराने बसवणे, खांब आणि तुळया यांच्या सांध्यांना तिरके टेकू देणे आणि भिंतींना वरून पट्टा फिरवणे एवढे काम अपरिहार्य आहे. भूकंपानंतर घरे मजबूत करण्याच्या शासकीय कार्यक्रमातून हे तंत्र मराठवाड्यातील गवंड्यांच्या परिचयाचे झाले आहे. उंच उंबरे आणि दूरचे शौचालय यांची दुरुस्ती त्यामानाने किरकोळ, पण वृद्धांच्या पडण्याचे कारण बहुधा तेच असते.

दुसरा प्रश्न कागदाचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. महाराष्ट्रात शेतजमीन आणि राहते घर मुलाला, मुलीला किंवा नातवाला बक्षीस देताना केवळ दोनशे रुपये मुद्रांक शुल्क लागते, त्यामुळे वृद्धांकडून बक्षीसपत्र करून घेणे फार स्वस्त झाले आहे. २००७ च्या कायद्याच्या तेविसाव्या कलमानुसार, मूलभूत गरजा भागवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन ती अट न पाळणाऱ्याविरुद्ध वृद्ध व्यक्ती उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते आणि ते हस्तांतर रद्द होऊ शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की अशी अट हस्तांतरात होती हे दिसले पाहिजे. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालात न्यायालयाने मुलाने वेगळ्या वचनपत्रात दिलेला शब्द ग्राह्य धरून आईने दिलेले बक्षीस रद्द करण्यास मान्यता दिली आणि हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचावा असे सांगितले. तरीही ज्या घरात कागदच नाही, तेथे उदार वाचन कशाचे करायचे? याच कलमाच्या दुसऱ्या भागाकडे मात्र फारसे लक्ष गेलेले नाही. मालमत्तेच्या उत्पन्नातून निर्वाह मिळण्याचा हक्क वृद्धाला असेल आणि ती मालमत्ता दुसऱ्याकडे गेली, तर घेणाऱ्याला त्या हक्काची कल्पना असल्यास किंवा त्याने ती फुकट घेतली असल्यास हा हक्क त्याच्याविरुद्धही बजावता येतो. अशी कल्पना देण्याचे साधन गावात आधीच आहे: सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना. वाटणीपत्रात किंवा बक्षीसपत्रात आईवडिलांचे हयातीपर्यंतचे राहणे, धान्य आणि औषधपाणी स्पष्ट लिहून त्याची फेरफाराने या रकान्यात नोंद झाली, तर युरोपातील शेतकऱ्याने जमिनीच्या दप्तरात जे मिळवले त्याच्या बरेच जवळ पोहोचता येईल. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विवाहित मुलीवरही वडिलांच्या पोटगीची जबाबदारी येते असे महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात ठरवले, आणि २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतील भागीदार, झाली. म्हणून या नोंदीत मुलींची नावेही आली पाहिजेत, केवळ हक्कसोडपत्रावर सही करण्यापुरती नव्हेत.

उरतो तो घर चालवणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न. गावातील एखादे जोडपे कोयत्यावर न जाता दहा वृद्धांचे घर चालवणार असेल, तर त्याला उचलीइतके उत्पन्न हवे. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये दहा जणांचे मिळून पंधरा हजार होतात. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांचे बटईचे धान्य त्यात मिळू शकते, पण भूमिहीन आणि पासष्टीच्या आतील स्त्रिया यांचा खर्च तरीही उघडा राहतो. कुटुंबाने चालवलेल्या घराची दुसरी अडचण काळाची आहे. ते जोडपे म्हातारे झाल्यावर पुढे कोण हा प्रश्न येतोच, आणि एका दाराआड चाललेल्या घरात वृद्धांवर अन्याय झाला तर तो बाहेर कळण्याची वाट राहत नाही. म्हणून घराची मालकी, चालवण्याची जबाबदारी आणि देखरेख या गोष्टी तीन वेगळ्या हातांत, अनुक्रमे मूळ मालक, जोडपे आणि ग्रामसभा यांच्याकडे, असणे हिताचे. पैशाच्या बाबतीत एक वाट जिल्ह्यातच तयार आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून शासन गावोगावी हंगामी वसतिगृहे चालवते, त्यात आईवडील परत येईपर्यंत मुलांना गावातच दोन वेळचे जेवण मिळते, आणि त्यातील पुष्कळ मुले रात्री आजी-आजोबांकडेच झोपतात. त्याच चुलीवर त्या आजी-आजोबांचे ताट वाढायचे झाले, तर नवी इमारत किंवा नवी यंत्रणा लागणार नाही. लाभार्थ्याची जी व्याख्या शासन निर्णयात आज विद्यार्थ्यापाशी थांबते, ती त्याला सांभाळणाऱ्या वृद्धापर्यंत वाढवावी लागेल.